पट्टीवरचा यमदूत

६ जानेवारी, संध्याकाळ
बँड आला. यकृतातली प्रोटीनं पट्टीवर उतरवली की हव्या त्या प्रोटीनच्या जागी उमटणारी रेघ. काळाकुळकुळीत, आणि जिथे यायला हवा तिथेच. पेशीला 'आता मर' असा निरोप पोचवणारं प्रोटीन, ज्याला लॅबमध्ये आम्ही यमदूत म्हणतो, ते औषधानं खराब झालेल्या उंदराच्या यकृतात वाढतं, हे मी सिद्ध केलं. डोस जितका जास्त, तितका बँड गडद. मॅडम फोटो बघून 'बरा आहे' म्हणाल्या. मॅडमचं 'बरा' म्हणजे इतरांचं 'अप्रतिम'.
संकल्प: मार्चअखेर पेपर. मग कायमची नोकरी. रोज व्यायाम.

७ जानेवारी
व्यायाम उद्यापासून.
शेजारच्या बाकावर शंकासुर बसतो. आज त्याला नवी शंका. खरं तर तत्त्व साधं आहे. पहिली अँटीबॉडी यमदूताला चिकटते. ती उंदरापासून बनवलेली असते. दुसरी अँटीबॉडी उंदराची कुठलीही अँटीबॉडी दिसली की तिला धरते आणि चमकते. आपण चमक बघायची, फोटोत ती काळी उमटते. शंकासुर म्हणतो, यकृतही उंदराचंच आहे, त्यात रक्त, रक्तात उंदराच्या स्वतःच्या अँटीबॉडी. मग तुझी दुसरी नेमकी कुणाला धरते? एक पट्टी पहिली न घालता करून बघ म्हणाला. बघतो म्हटलं. नाचता येईना अंगण वाकडं, आणि या पठ्ठ्याला तर अंगणही दुसऱ्याचं लागतं.

१९ जानेवारी
हिला बढती मिळतेय. दुसऱ्या शहरातल्या शाखेची प्रमुख. चहा करताना गुणगुणत होती. मी शांतपणे समजावलं की बँड आलेला असताना हे शहर सोडणं म्हणजे भरल्या ताटावरून उठणं. तिथे लॅब नाहीत का, असं तिनं विचारलं. म्हटलं, लॅब असतील, पण बँड येतो तो हात बसलेल्या जागीच. मार्चअखेरपर्यंत थांबायला कंपनी तयार आहे म्हणे. निर्णय सर्वस्वी तुझा, असं स्पष्ट सांगितलं. मी कुणावर काही लादत नाही.

२१ जानेवारी
दोन दिवस हिच्याशी बोललो नाही. तिला शांतपणे विचार करता यावा म्हणून.

१० फेब्रुवारी
ती पहिलीशिवायची पट्टी आज करणारच होतो. पण शंकासुर फ्रिजपाशी उभा. त्याच्यादेखत केली तर त्याला वाटणार, त्याच्या सांगण्यावरून केली. तत्त्वाचा प्रश्न आहे. पुढच्या आठवड्यात.
सासऱ्यांचा फोन. जावईबापू, अजून शिकताय का म्हणाले. संशोधन आणि शिकणं यांतला फरक सांगू लागलो, तर त्यांनी फोन सासूबाईंकडे दिला.

२ मार्च
शंकासुरानं मॅडमचे कान भरले. मीटिंगमध्ये मॅडमनी विचारलं, पहिली न घालता केलेली पट्टी कुठाय? म्हटलं, केलीय, फोटो जुन्या कॉम्प्युटरवर आहे. हे खोटं नव्हे. करणार तर आहेच, फक्त आधी सांगून ठेवलं.
व्यायाम बंद पडला असं ही म्हणते. सुरूच झालेला नाही, तर बंद कसा पडेल?

२७ मार्च
पेपरसाठी शेवटचा, स्वच्छ फोटो काढायचा आहे. ऐन अँटीबॉडी घालायच्या वेळी शंकासुर हजर. पेपर पाठवायच्या आधी एकदा विचार कर म्हणाला, आणि तोही अगदी मायेनं. त्या मायेनंच डोकं फिरलं. असं सुनावलं, असं सुनावलं, की बाकीचे कामं थांबवून बघायला लागले. तो मान खाली घालून गेला. मी पट्टीची डबी रात्रभर हलवत ठेवणाऱ्या मशीनवर ठेवली आणि ताठ मानेनं घरी आलो.

२८ मार्च
दुसरी घातली, धुतलं, फोटो काढला. असा बँड आजवर पाहिला नव्हता. आजूबाजूला एक डाग नाही. हात बसणं म्हणतात ते हे. लॅबमधूनच हिला फोन केला. म्हणाली, म्हणजे आता नक्की ना? म्हटलं, दगडावरची रेघ. मग मी आजच त्यांना नाही म्हणून कळवते, असं म्हणाली. आवाज बसला होता. सर्दी असणार.

२९ मार्च, सकाळ
बाकावरच्या बर्फाच्या डब्यात पाणी झालंय. त्यात एक ट्यूब तरंगतेय. पहिली अँटीबॉडी, पातळ करून ठेवलेली. झाकणावर परवाची तारीख, माझ्याच अक्षरात. काठोकाठ भरलेली.
आधी वाटलं, हे शंकासुराचं काम. मग वाटलं, मी दोन बनवल्या असतील.
दोन बनवल्या नव्हत्या. पहिली घातलीच नाही. तरी बँड आला, तोच, त्याच जागी.

२९ मार्च, दुपार
आता कळतंय. यकृत जितकं खराब, तितकं त्यात रक्त जास्त, आणि दुसरी त्या रक्तातल्या अँटीबॉडींनाच धरत होती. मी इतके महिने उंदरांचं रक्त मोजत होतो. यमदूत तिथे आहे की नाही, मला माहीत नाही. पेशींना मर म्हटलं की त्या निमूट मरतात. मला कुणी तसंही म्हणेना.
मॅडमना सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. जुन्या कॉम्प्युटरवरचा तो फोटो तेवढा आणून दे म्हणाल्या.

२९ मार्च, संध्याकाळ
हिच्या जागी तिच्याच हाताखालच्या मुलीला पाठवताहेत. ऑफिसातल्या समारंभात हिनंच तिचं कौतुक करणारं भाषण केलं.
जेवताना म्हणाली, तुझा तो बँड मी अजून पाहिलेलाच नाही, दाखव तरी. मी मोबाईल पुढे केला. तिनं हात पुसले, फोटो मोठा करून खूप वेळ बघितला. म्हणाली, एवढाच असतो का?
म्हटलं, हो, एवढाच.