कौन आई?

आई, तुझा अडकित्ता मी कुलपात ठेवलाय. सुपारी घरात कुणी खात नाही, पण तू गेल्यापासून तो तुझ्या धाकट्याच्या खिशात असायचा आणि मीही कधी हटकलं नाही. तुला जाऊन किती वर्षं झाली, तरी हे आधी तुलाच सांगावंसं वाटलं. लिहायला बसले खरी, पण बूड टेकत नाहीये. दोनदा उठून त्याच्या खोलीत डोकावून आले. झोपलाय.

तुला माणिक चौकातला तो दिवस आठवत असेल. भांड्यांच्या दुकानासमोर धाकटा ओरडत होता की ही सगळी भांडी त्याच्याबद्दलच बोलतात, आणि गप्प बसत नाहीत म्हणून त्याने परातींची रास ढकलून दिली. पोलिसांनी त्याचे हात गमछ्याने बांधून त्याला चौकीत नेलं. आपण दोघी पोचतो तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून बसलेला असतो, ओठ फुटलेला. साहेब तुला म्हणतात, "माताजी, ऐसे लड़के को घर में बाँध के रखा कीजिए." तू त्याच्या हातांचा गमछा सोडतेस. घरी आल्यावर स्वयंपाकघरात त्याच्या मनगटांना हळद लावतेस, आणि मी तोंड उघडताच माझ्यावरच खेकसतेस, "यापुढे काही झालं तरी पोलिसांना बोलवायचं नाही. माणूस आपला आहे, आपण सांभाळायचा." मी ते पाळलं. चिडचिड करत, पण पाळलं. तू सांगून मोकळी झालीस आणि पुढे सुटलीसही.

या उन्हाळ्यात मात्र पोलीस न बोलवताच आले. धाकटा गोळ्या घेतल्यासारखं करून त्या उशीच्या अभ्र्यात साठवत होता, हे मला फार उशिरा कळलं. मी ऑफिसात होते, भर दुपारी शेजारच्या भाभीजींचा फोन आला, "दीदी, भैया सड़क पे खड़े हैं, किसी ने पुलिस बुला ली है." मी स्कूटर काढली. सिविल लाइंसमधून छावनीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, उन्हाने डांबर मऊ झालेलं, आणि मधोमध हा अनवाणी उभा, गाड्या अडवतोय. रस्त्याखाली कुणीतरी गाडलं गेलंय म्हणे, त्याच्या अंगावरून जाऊ नका. हातात तुझा अडकित्ता, उघडा, चकचकीत. समोर एक तरुण सिपाही लाठी उगारून. दरोगाजी मागे जीपपाशी.

"हथियार फेंक! फेंक दे, नहीं तो पड़ेगी!"

"हे आईचं आहे," धाकटा ओरडतो. "आईचं आहे. आई... आई..."

सिपाही थबकला. लाठी तशीच वर, आणि त्याने मान वळवून मागे बघितलं. "काए, कौन आई?"

मी तेव्हाच स्कूटर आडवी टाकून पळत पोचले होते. श्वास पुरत नव्हता. "मैं," मी म्हणाले. "मैं आई."

आणि धाकट्याचा हात खाली आला. त्याने माझ्याकडे असं बघितलं, जसं तो आपल्या ताईकडे कधीच बघत नाही. तिथेच डांबरावर बसला, अडकित्ता माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "पाय भाजले गं."

दरोगाजी नंतर नीट वागले, खोटं कशाला बोलू. "घबराइए मत, थाने नहीं, अस्पताल ले चलेंगे. अब नियम यही है." जीपमध्ये त्यांनी त्याला पाणी दिलं, हात बांधले नाहीत. मला मात्र राग आवरत नव्हता. नियम होता तर लाठी का उगारली होती? आणि ती पडली नाही, ती नियमामुळे नाही. त्या सिपाही पोराला मराठी येत नव्हतं म्हणून.

आठवड्याने न राहवून मी चौकीत गेले. त्या सिपाह्याला सांगितलं की आमच्यात आई म्हणजे माँ. धाकटा आईला हाका मारत होता, हे तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं. "हओ? तो बे अपनी मताई खों टेर रए ते?" मग मान खाली घालून म्हणाला, "हम समझे पीछे से कोई औरत आ रही है. इसी से रुक गए, दीदी. नहीं तो हाथ चल ही गया था." त्याने चहा मागवला, मी तो तसाच ठेवून उठले. पोरगा वाईट नाही गं. उद्या त्याची बदली होईल, दुसरा येईल, आणि त्यालाही मी जाऊन आई म्हणजे काय ते सांगायचं? आणि ज्याला अर्थ कळलाय, तो पुढच्या वेळी मागे वळून बघेल का? हेच डोक्यात फिरतं, भाजी चिरताना, ऑफिसात, देवापुढे दिवा लावतानासुद्धा.

धाकटा आता बरा आहे. गोळ्या तू ठेवायचीस तिथेच असतात, फडताळात मेतकुटाच्या बरणीमागे. माझ्यासमोर गिळतो, तोंड उघडून दाखवतो. संध्याकाळी मी आले की आतून विचारतो, "कोण?" मी म्हणते, "मी." मग सावकाश येऊन कडी काढतो, तोंड पडलेलं. काल फार दमले होते, त्याचं ते तोंड बघवेना, म्हणून दाराबाहेरून म्हणाले, "मैं आई." धावत आला. आपण हिंदीतच बोललो, अशी मी स्वतःची समजूत घातली आहे. त्याचं ठीक आहे, त्याला हाक मारायला मी आहे.

हा कागद त्याच बरणीखाली घडी करून ठेवते, दुसरीकडे कुठे धाडणार? खरं सांगू का, पोलिसांचं वगैरे सगळं मी तुला सांगितलंच नसतं तरी चाललं असतं. मला फक्त या पत्रातली पहिली हाक लिहायची होती.