वाळकाचा वेल

४ मार्च
आज कामावर रुजू झाले. नांदेडच्या खालच्या अंगाला, गोदावरीकाठी हा घाण पाणी साफ करायचा प्लांट. राहायला पत्र्याची खोली, दारात कडुनिंब, बाजूला मोगऱ्याचा वाफा. जळकोटहून निघताना वाटलं होतं इथे पोचल्यावर रडू येईल. आलं नाही, उलट चहा गोड लागला. काम झाडलोटीचं आणि बागेचं. माळीणबाई जगदेवी म्हणाली, चार दिवस वास येईल, मग नाकच सरावेल.
माझा नवरा नागसेन इथेच, पंपाच्या विहिरीत गेला. मी त्याची बायको, हे इथे कुणाला माहीत नाही. सुपरवायझर ईश्वरप्पानं तेव्हा सांगितलं की नागसेन पिऊन होता, आपणहून उतरला. त्यानं कधी दारूला हात लावला नाही. मला ईश्वरप्पाच्या तोंडून खरं ऐकायचंय. त्यासाठी आले.

११ मार्च
पाण्याची वाट समजली. शहराची गटारं आधी विहिरीत येतात. पंप ते पाणी टाक्यांत चढवतो, तिथे त्यात हवा सोडतात, गाळ खाली बसतो, वरचं पाणी नदीला जातं. गाळ वाफ्यांवर वाळवतात. पण लाइट बिल वाचवायला ईश्वरप्पा पंप बंद ठेवतो आणि काळं पाणी बाजूच्या दारानं सरळ नदीत सोडतो. तपासणीची बाटली पिण्याच्या पाण्याच्या जारमधून भरतो.
जगदेवीला अक्षरं शिकवतेय. आता अडखळत वाचते. बाराखडी म्हणताना स्वतःलाच हसते.

२३ मार्च
वाळत्या गाळात टोमॅटो आपोआप उगवतात. लोकांच्या पोटातून आलेलं बी. कुणी खात नाही. पण एका वाफ्यावर वाळकाचा वेल आलाय. नागसेनच्या खिशात कायम गावच्या वाळकाचं बी असायचं, मोकळी जागा दिसली की टोचायचा. त्याला वर काढलं तेव्हा खिसा रिकामा होता.
वेलाला पाणी घातलं.

९ एप्रिल
पहिलं वाळूक, काकडीएवढं. कापताना आतून विहिरीचा वास आला. तरी मीठ-तिखट लावून ईश्वरप्पापुढे ठेवलं. बोटं चाटत म्हणाला, "मावशी, शेरात असलं मिळत न्हाई." राहिलेली फोड जगदेवीनं मला न विचारता तोंडात टाकली.

१४ एप्रिल
जयंती. वस्तीवर निळे झेंडे. मी गेले नाही. ईश्वरप्पा तहान तहान करतोय. प्रत्येक पेल्याला विहिरीचा वास येतो म्हणून ओतून देतो. वेल वाफा सोडून त्याच्या केबिनकडे निघालाय.

२१ एप्रिल
तपासणीचे साहेब आले. ईश्वरप्पा सगळ्यांसमोर आपणहून बोलला. नागसेनच्या कमरेला पट्टा नव्हता. विषारी वायू घालवायला विहिरीत हवा सोडली नव्हती. नागसेन नको म्हणत होता, मीच म्हणालो, "उतर, काय होत न्हाई."
ऐकायचं ते ऐकलं. आता वेल तोडायला हवा होता. नाही तोडला.

२२ एप्रिल
भर दुपारी ईश्वरप्पा विहिरीचं झाकण उघडून उभा. म्हणाला, खाली गार पाणी दिसतंय. मला विचारलं, उतरू का. दोर माझ्या हाताशी होता.
मी म्हणाले, "उतर, काय होत न्हाई."
बरं वाटलं. खोटं कशाला लिहू.

२५ एप्रिल
ईश्वरप्पाला विहिरीतून काढलं. पोलिसांनी माझं नाव विचारलं. तोंडातून निघालं — उतर, काय होत न्हाई. भाजीवालीलाही तेच. दुसरं काही निघतच नाही —

२७ एप्रिल
वेल उपटला. मुळांतून काळं पाणी. सकाळी पुन्हा — माझ्या उंबऱ्याशी —
मी कोण ते जगदेवीनं ओळखलं. रडली. नागसेन गेला त्या दिवशी तीही विहिरीपाशी होती, नोकरीपायी गप्प बसली. माफ कर म्हणाली. मी तोंड गच्च मिटून तिचा हात धरला. माफ केलं. मनापासून केलं.
तिला सारखी तहान —

२८ एप्रिल
जगदेवी झाकणाशी उभी. विचारतेय, उतरू का. तोंड उघडायची भीती — याच वहीत मोठ्या अक्षरांत लिहून दाखवते — तिला वाचता येतं —
थांब जगदेवी
थांब
थां
उतर, काय होत न्हा