शिंपिणीचं पान आणि माझा चिमटा

८ जुलै, मंगळ. पिंपळी.
न्हाणीमागच्या अंजिरात शिंपी पक्ष्याचं घरटं! पानाच्या कडा कापसाच्या धाग्यानं टाचलेल्या. आईला दाखवलं.
"आरं, ह्यो तर माझ्या वातींचा कापूस हाय! डबा कमी होतोय म्हणून मी सुनंदाला बोलले हुते."
बायको आतून : "ऐकतेय मी, आत्या."

१० जुलै, गुरु.
तीन पिल्लं. तीन उघड्या चोची, आणि शिंपीण अळी घेऊन आलेली. जन्मात असा फोटो मिळाला नव्हता. पुढचं एक पान आडवं येत होतं. ते तारेवरच्या कपड्यांच्या चिमट्यानं मागं धरलं. पाचच मिनिटं. पक्षीमित्रांच्या ग्रुपवर टाकला. 'महिन्याचा फोटो हाच!' दिवसभर हवेत.

रात्री : चिमटा काढला का मी? आठवत नाही. बॅटरी घेऊन गेलो. चिमटा नाही. वाऱ्यानं पडला असेल…

११ जुलै, शुक्र.
वाऱ्यानं नव्हे. आई म्हणाली, "काल दुपारी लुगड्याला एक चिमटा कमी पडला, तर म्हनलं ह्यो हितं झाडाला कुनी लावला? कावळा बी डोकावत हुता. हाकलला."
म्हणजे सकाळपासून दुपारपर्यंत पिल्लं उघडी, उन्हात. काल 'पाचच मिनिटं' लिहिलंय ते खोटं. खोडत नाही, राहू दे.
आता पानाआडून दोनच चोची दिसतात. तिसरी मागं असेल? पान हलवून बघायची छाती नाही.

१३ जुलै, रवि.
शिंपीण येते-जाते. दोनच. फोटोचं कौतुक अजून चालू. घास उतरेना. सुनंदा : "मग सांगून टाका की. किती दिवस तोंड पाडून बसणार?"
ग्रुपवर लिहिलं, 'फोटो मागे घेतो. पान चिमट्यानं बाजूला केलं होतं.' रात्री इंदापूरच्या एका ज्येष्ठ सभासदांचा निरोप, फक्त मला : 'माझ्या फोटोत फांदीला दोरी होती. दहा वर्षं झाली. आज सांगतोय.'
पोटभर जेवलो.

१६ जुलै, बुध.
सकाळी घरटं रिकामं. अंजिरात नुसती टिवटिव, इतके चिमुकले आवाज. कॅमेरा आतच ठेवला.
"काढ की फोटू. हात बांधल्यात व्हय?" आईच्या मांडीवर वातींचा डबा, झाकण उघडं. मुद्दाम.
एक पिल्लू फांदीवर. दुसरं कुंपणावर. पेरूतही काहीतरी हललं. पान असेल. तासभर बघत उभा आहे, लिहितोयही उभ्यानंच.