दाराची फट

चि. छकुलीस,
अनेक आशीर्वाद.

इकडे थंडी फार आहे. काल जिन्यात छाती आवळल्यासारखी झाली म्हणून पायरीवर बसलो. घाबरू नकोस, नंतर उठलो. डॉक्टर म्हणाले, "आजोबा, थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, हृदयाला जास्त जोर लावावा लागतो. घर उबदार ठेवा. दारं-खिडक्या लावता ना?" मी कोटाची बटणं लावू लागलो.

तुझी आई गेल्यापासून मी दारात चप्पल अडकवून फट ठेवतो. दार ओढलं की लॅच लागतं. मी आत पडलो, तर बाहेरून कोण उघडणार? त्या फटीतून गारठा आत येतो आणि मी स्वेटरवर कोट चढवून बसतो.

शेवटी डॉक्टरांना खरं सांगितलं. ते हसले. "अहो, मग एक किल्ली शेजारी देऊन ठेवा की!"

शेजारची बाई तशी भली आहे. पण म्हणाली, "आजोबा, आम्ही दिवसभर बाहेर. उद्या तुमचं काही हरवलं, तर आम्हाला नसता ताप." वरच्या शिंप्याने दारच उघडलं नाही. किल्ली खिशात घालून परत आलो.

म्हणून ती या पाकिटात तुला पाठवणार होतो. मग वाटलं, बापाच्या घराची किल्ली टपालाने आली, तर तुझ्याच छातीत धस्स होईल. शिवाय इतक्या लांबून तू येणार तरी कधी? किल्ली काढून घेतली. आता नुसत्या पत्रात काय लिहू, इकडे सगळं ठीक आहे?

तुझा,
बाबा