विठ्ठल अण्णांची मॅटॅडोर

बुध. ८ फेब्रु. ८४
सौ.चा भाऊ दत्ता सकाळी सातलाच दारात हजर. दुसऱ्याच्या ट्रकवरची नोकरी सोडून आलाय. आता स्वतःची गाडी घ्यायची, वडगावची माणसं मच्छे गावातल्या कारखान्यांत न्यायची-आणायची. सायकली मारून दमतात बिचारी, म्हणे. डोक्यात बरेच दिवस असावं.
"दाजी, मॅटॅडोर गावलीया. भंगाराच्या भावात. वडगावात विठ्ठल अण्णा हाईत, मागवाले. साड्यांचे गठ्ठे न्यायचे, लग्नसराईत वऱ्हाडं. गेल्या मे महिन्यात कोगनोळीजवळ चरीत गेलती न्हवं का, तीच. ब्रेक फेल म्हणून पेपरात आलतं. म्हणून तर कोण हात लावंना."
सौ. म्हणाली, "तुमच्याच पेपरात असेल."
असेल, म्हटलं. बातमी माझीच होती, हे म्हटलं नाही. पैसे तिच्या पोस्टातल्या ठेवीतले जायचेत, तेव्हा तिला तरी सांगायला हवं होतं.

गुरु. ९
ऑफिसात गेल्या मेची फाईल काढली. चौदा ओळी, दुसरं पान. वर 'आमच्या वार्ताहराकडून'. तेव्हा मी निपाणीला होतो. "ब्रेक निकामी झाल्याने ही दुर्घटना घडल्याचे समजते."
कुणाकडून समजते? चौकीवर फोन केला होता. हवालदार म्हणाला, "ब्रेक-बिक गेला असंल, दुसरं काय." पाच वाजून वीस मिनिटं झालेली. साडेपाचच्या एस्टीच्या कंडक्टरकडे कोल्हापूरच्या ऑफिसचं बातम्यांचं पाकीट द्यायचं होतं. दिलं. कोगनोळी बसनं अर्धा तास. गेलो नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, कारण दुसऱ्या दिवशी दुसरी बातमी होती.
वाक्य वाचायला अजून चांगलं वाटतं, हे जास्त वाईट.

रवि. १२
दत्ताबरोबर वडगाव. गल्लीभर मागांचा खडखडाट, बोलायचं तर ओरडूनच. गाडी घरामागे ताडपत्रीखाली. समोरची काच नाही, डावं अंग चेपलेलं, मागच्या सीटवर कोंबडी अंड्यावर बसलेली. अण्णांनी तिला उठवू दिलं नाही.
पन्नाशीचा माणूस, हडकुळा, बोलताना खाली बघणारा. पहिलं वाक्य हेच: "आधीच सांगतो सायब, ब्रेक फेल झाल्याली गाडी हाय. मागनं म्हणू नका अण्णानं लपवलं."
दत्ता म्हणाला, "म्हाईत हाय अण्णा, पेपरात वाचलंय. आमचं दाजी पेपरातच असत्यात."
"व्हय? मग तुम्हाला समदं ठावंच असणार."
मी टायर बघू लागलो.
दत्ता गाडीखाली शिरल्यावर अण्णा आपणहून बोलले. बहिणीच्या नातीचं लग्न कागलला, तिथून परत येत होते. शेजारी बहीणच बसलेली, आक्का. "'दमानं घे रं इट्टल', म्हटली. समोर बैलगाडी. मी ब्रेकवर पाय दिला. मला तर लागल्यागत वाटला बघा. गाडी दबली, मग डाव्या अंगाला गेली. पर पेपरात आलं. त्यांनी चवकशी करूनच लिवलं असणार की. माझ्याच पायाला कळलं नसंल."
आक्का जागेवर गेली. तिचा थोरला मुलगा तेव्हापासून मामाच्या दारात पाऊल ठेवत नाही. ब्रेक नसलेल्या गाडीत माझ्या आईला बसवलं, एवढंच म्हणतो. कात्रण त्याच्या खिशात असतं म्हणे.
चहा आला. प्यालो.

मंगळ. १४
बाबू मिस्त्रीला घेऊन परत वडगाव. तासभर खालीवर केलं. पुढचा आस वाकलेला, रेडिएटर फुटलेला, स्टेअरिंगला ढिलाई, पत्र्याचं काम तर भरपूर. दत्ता प्रत्येक गोष्टीला "होतंय की" म्हणत होता.
ब्रेक शेवटी ठेवले होते. मिस्त्रीनं चारी चाकं उघडली. मग हात पुसत बाहेर आला.
"कोण म्हणालं ब्रेक फेल? नळी शाबूत, तेल जाग्यावर, लायनर अजून दोन वर्षं जातील. दाबा दत्ताभाऊ. घट्ट हाय का? ह्या गाडीचं समदं बिघडलंय, तेवढं ब्रेक सोडून."
दत्तानं घराकडे बघितलं. "मिस्त्री, हळू. अण्णा मागावर हाईत."
"मागाच्या आवाजात काय ऐकू येतंय," मिस्त्री हसला.
मीही गप्प राहिलो. दत्ता गाडीच्या पडलेल्या भावासाठी गप्प. मी कशासाठी, ते लिहायला नको.

गुरु. १६
दत्तानं गाडीचे कागद आणून टाकले, दाजींनी तपासावेत म्हणून. आर.सी. बुक, विमा, पावत्या. तळाशी चौघडी केलेला एक कानडी कागद. "हे तुम्हीच वाचा."
मोटार निरीक्षकाचा तपासणी अहवाल. अपघातानंतर तिसऱ्या दिवशीचा. ब्रेक सुस्थितीत. मोरीच्या कामासाठी रस्त्याची कड उकरलेली, खूण किंवा दिवा नव्हता, बैलगाडीला बाजू देताना डावं चाक त्यात गेलं. चालकाचा दोष दिसत नाही. खाली सही-शिक्का.
अण्णांना कानडी बोलता येतं, वाचता येत नाही. मराठी शाळेत चौथी. केस मिटली ती कशानं, असं रविवारी विचारलं तर म्हणाले होते, "सायबानं सोडलं, गरीब बघून." कागद नऊ महिने त्यांच्याच ट्रंकेत. आणि माझ्या चौदा ओळी गल्लीत सगळ्यांना पाठ.
उकरलेली कड, दिवा नाही. खरी बातमी ती होती. अर्ध्या तासावर पडलेली.

शुक्र. १७
कोल्हापूरला ट्रंक कॉल. संपादकांना सांगितलं, खुलासा छापावा लागेल. ते शांतपणे म्हणाले, "नऊ महिन्यांनी? मागितलाय कुणी?"
कुणी मागितलेला नाही.
"मग?"
लाईन खरखरत होती. ते म्हणाले, बघू, लिहून पाठवा.
पाठवलेला नाही.

शनि. १८
सौ.ला सांगितलं. सगळं. भाजी निवडत होती, निवडतच राहिली.
"म्हणजे गाडी स्वस्त झाली ती तुमच्यामुळं."
हो.
"आणि आता ती स्वस्तात आपणच घ्यायची."
दत्ता तेवढ्यात आला. त्याला कागदाचं सांगितलं, बातमी कुणाची ते नाही. तो चिडला नाही, तेच जड गेलं. "सांगा की दाजी, मी कुठं नगं म्हणतोय? पर गाडी नावावर झाल्यावर सांगा. नऊ म्हैनं कळलं न्हाय, आनखी आठ दिवस न्हाय कळलं तर काय बिघडतंय? लगीनसराई तोंडावर हाय."
सौ. त्याला म्हणाली, "दत्ता, उद्या तुझ्यावर असं आलं तर?"
"ताई, माझ्यावर काय कमी आलंय?"
तेही खरं. तीन पोरं, हाताला काम नाही. त्याच्या बाजूनं बोलणारं घरात कुणी नाही, असं त्याला वाटू नये.

बुध. २२
एकटाच वडगावला. माग बंद करायला लावला. गल्लीतले इतर चालूच, त्यामुळं मोठ्यानं वाचावं लागलं. एकेक ओळ कानडीत, मग मराठीत. अण्णा म्हणाले, पुन्हा वाचा. वाचली. मग आत हाक: "आगं ए, भाईर ये. ऐकलंस का? ब्रेक हुतं. माझ्या पायाला कळलं हुतं ते खरं हुतं."
बाई दारात उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "मी काय म्हणत हुतो तुम्हाला." आणि पदर तोंडाला.
अण्णा बराच वेळ कागदावरून हात फिरवत होते, अक्षरं लागल्यासारखी. मग:
"मग पेपरात कसं आलं, सायब?"
मी म्हणालो, चुकून येतं कधी कधी. घाईत.
"तुम्ही त्याच धंद्यातलं. कुणी लिवलं एवढं हुडकून द्या. भांडायला न्हाय, देवाशप्पथ. त्याला आक्काच्या थोरल्याकडं घिऊन जातो. ह्यो कागद तो मानायचा न्हाय, म्हणंल मामानं कुणाकडनं तरी लिवून आणला. पेपरवाला सोता येऊन बोलला तर मानंल."
मी म्हणालो, बघतो.
बघतो! तोंडात आलं होतं, जिभेवर होतं. पाकिटाची एस्टी नव्हती सुटत कुठली.
निघताना गाडीचं विचारलं. "गाडीचं मागनं बोलू. आता ती इकायची का न्हाय तेच कळंना झालंय. रैवारी या. थोरला रैवारी घरात असतोय." हे दोनदा सांगितलं.

शनि. २५
दत्ता गाडी हातची गेली असं धरून चाललाय. निपाणीत दुसरी एक बघून आला, तिला खरोखरच ब्रेक नाहीत म्हणाला, आणि हसला. अण्णांनी विकायचीच ठरवली तर आता ते त्या भावात देणार नाहीत, योग्य भावात आपल्याला झेपायची नाही. विकायची नाही ठरवली तर प्रश्नच नाही. दोन्हींत दत्ता रिकामा.
खुलासा तीनदा लिहिला. चार ओळी. 'अनवधानाने', 'दिलगीर आहोत'. आहोत म्हणजे कोण? फाडला.
उद्या वडगाव. सौ.नं विचारलं, "काय सांगणार? माणूस सापडला?"
हो म्हणालो.
"आणि अण्णा तुमच्या मागं दाराकडं बघायला लागले, कुठाय तो म्हणून, तर?"
तिथपर्यंत गेलो की पुढं 'तो मीच' एवढं वाक्यही होत नाही.