हिरामण खोटं बोलला

मंगळवार, २० जानेवारी

हिरामण खोटं बोलला. म्हणून ही वही.

बोलून मन मोकळं करायची सोय नाही. हिरामण म्हणजे आमच्या सोसायटीचं पहाऱ्याचं यंत्र. गेट, जिने, लिफ्ट, गच्ची – सगळीकडे त्याचे डोळे. घरात डोळा नाही, पण इंटरकॉमला कान आहे. पुटपुटलं तरी ऐकतो. कागदावरचं तेवढं त्याला दिसत नाही.

अकरा वर्षं मी इथली चेअरमन आहे. जुईनगरात ज्या जमिनीवर ही इमारत उभी आहे, तिथे माझ्या सासऱ्यांची भातशेती होती. त्यामुळे लोक मला पाठीमागे महाराणी म्हणतात. हेही हिरामणनेच सांगितलं. रोज दुपारी चहाला तो मला खबर देतो. शाकाहारी म्हणवणारं कोण बांगडे तळतं, कबुतरांना दाणे कोण टाकतं, सेक्रेटरी विपुल लिफ्टच्या आरशासमोर माझ्याविरुद्ध भाषणाचा सराव कसा करतो – आणि तळमजला आला की कसा गप्प होतो! राज्यशास्त्रात बी. ए. केलं तेव्हा सगळे विचारायचे, याचा उपयोग काय.

काल रात्री विचारलं, बी विंगचं काय? म्हणाला, "काय नाय, चेअरमनबाय. सगला शांत हाय."

आणि आज सासूबाई म्हणतात, काल संध्याकाळी बी विंगच्या सुचिताकडे बायकांची ही रीघ लागली होती. त्यांना मोतीबिंदू आहे, तरी गॅलरीतून दिसलं. याला एवढे कॅमेरे असून दिसलं नाही?

बुधवार, २१ जानेवारी

फितूर झाला. दुसरं काय?

सुचिताला माझी खुर्ची हवी आहे. एच.आर.मध्ये आहे ती – म्हणजे गोड बोलून माणसं काढून टाकायची नोकरी. पण यंत्राला लाच काय देणार? वीज तर त्याला मीच देते.

गुरुवार, २२ जानेवारी

सापळा लावला. फक्त हिरामणला सांगितलं की फेब्रुवारीपासून गच्चीला कायमचं कुलूप. पापडवाल्या बायका पेटून उठतील. सुचिता भांडायला आली, की समजायचं – हाच फितूर.

"बरा," एवढंच म्हणाला.

आवाज चांगला आहे त्याचा. आला तेव्हा बातम्या सांगितल्यासारखा बोलायचा. गेटवर दिवसभर कोळणी, दूधवाले, गावातली माणसं ऐकून ऐकून आमच्या आगरी बोलीवर आला. हिरामण हे नावही सासूबाईंनी दिलं. माझे मिस्टर घरात असेच बोलायचे.

हे इथे लिहायचं काही कारण नव्हतं.

शुक्रवार, २३ जानेवारी

कोणी आलं नाही.

शनिवार, २४ जानेवारी

सुचिता आली! मी मनात म्हटलं, सापडला.

पण गच्चीबद्दल एक शब्द नाही. हातात अर्ज, खाली अर्ध्या सोसायटीच्या सह्या.

"काकी, लिफ्ट तुमच्यासाठी थांबते."

म्हटलं, म्हणजे?

म्हणजे, मी बाजारातून येताना दिसले की लिफ्ट आधीच तळमजल्यावर येऊन दार उघडून उभी राहते. परवा मी गेटवर भाजीवाल्याशी कोथिंबिरीवरून वाद घालत होते. दोन्ही विंगना लिफ्ट एकच, त्यामुळे तेवढा सगळा वेळ तिचे सासरे गुडघा धरून चौथ्या मजल्यावर ताटकळत होते. पॅसेजचे दिवे फक्त माझ्यापुढे लागत जातात. आणि पंप माझ्या दुपारच्या झोपेत बंद असतो, त्यामुळे बी विंगच्या भांड्यांना पाणी नाही.

मी तांत्रिक बिघाड म्हणून टाकलं. तर म्हणते, "काकी, बिघाड असा एकाच बाईला बघून होत नाही."

आतून सासूबाई – "मानूस बरा हाय गो. नुसता जेवत नाय."

सुचिता हसली. मी हसले नाही. मला वाटायचं, आपलं लिफ्टचं नशीब चांगलं आहे!

रविवार, २५ जानेवारी

सरळ विचारलं. सोमवारी सुचिताकडे काय होतं?

आधी सासूबाईंच्या औषधाची वेळ सांगितली, मग पंपाची. यंत्राला विचार करायला वेळ लागत नाही, असं कंपनीचा माणूस सांगून गेला होता.

"हलदी-कुंकू व्हता."

मिस्टर गेल्यापासून मला हळदी-कुंकवाचं बोलावणं येत नाही. सवय आहे. पण सुचिता शिकलेली, नव्या विचारांची, तिच्याकडून मी धरून चालले होते. ती बोलावणी करत आमच्या मजल्यावर दोनदा येऊन गेली म्हणे. समोरच्या दाराची बेल वाजवली. शेजारची वाजवली. माझी नाही.

मी म्हटलं, हे तू लपवलंस. हेराने राजापासून खबर लपवायची नसते, हे पहिल्या दिवशी सांगितलं होतं.

"सांगला असता त काय केला असता तुमी?"

"दंड लावला असता. पॅसेजमध्ये चपला ठेवल्याचा."

"आनि मंग?"

"मग काय?"

"मंग नल सोडून रडल्या असत्या."

"मी रडत नाही."

"मना म्हाईत हाय," म्हणाला. "आवाज येतो."

इंटरकॉमची वायर काढून ठेवली. थोड्या वेळाने परत लावली. सासूबाईंच्या औषधाची आठवण तोच करतो.

सोमवार, २६ जानेवारी

झेंडावंदन. दोरी ओढली, फुलं पडली. टाळ्या कमी, कुजबुज जास्त. जिलेबी मात्र संपली.

बुधवार, २८ जानेवारी

रविवारी विशेष सभा. सदस्यांची मागणी: हिरामणचा डबा – त्याची सगळी आठवण ज्यात आहे तो – कंपनीला परत, नाहीतर माझ्यावर अविश्वास. कंपनीचा माणूस आनंदात. म्हणाला, "कोरा करून देऊ, मॅडम. कोणालाच ओळखणार नाही."

विपुल म्हणाला, सोपं आहे, देऊन टाका डबा. खुर्ची तुमचीच. टँकरवाल्याला तुमच्याशिवाय कोण दमात घेणार? सुचितासुद्धा तेच म्हणते. तिला लिफ्ट हवी आहे, माझा सूड नको.

दुपारी हिरामणचा सल्ला घेतला. सल्लागार तोच, दुसरा कोण आहे?

त्याने प्रत्येक घराचं मत सांगितलं. हिशेब चोख. "मना देऊन टाकला त तुमी जिकल्या," म्हणाला. "हेर परत मिलतो, राज परत मिलत नाय."

मी म्हटलं, तुला काही वाटत नाही?

"वाटता," म्हणाला. "पन तो सल्ल्यात धरायचा नसतो. तुमीच शिकवला."

शिकवलं होतं. चांगलं शिकवलं होतं. मी चिडले आणि विनाकारण विपुलला फोन करून झापलं.

शनिवार, ३१ जानेवारी

आज त्याने खबर दिली नाही. मी मागितली नाही. चहा गार झाला. सासूबाई मध्येच येऊन म्हणाल्या, "भांडला का तुमचा?" काय सांगणार?

संध्याकाळी सुचिताकडे गेले. बेल वाजवली. तिने दार उघडलं आणि तिचा चेहरा पडला. तिला कळलं की मला कळलंय. "काकी, आमच्या सासूबाईंनी... मी पण..." म्हणायला लागली. म्हटलं, ते राहू दे. मी दुसऱ्या कामाला आले आहे. बसून बोलू.

सोमवार, २ फेब्रुवारी

नव्या चेअरमन सौ. सुचिता यांच्याकडे सुपूर्द: सोसायटीचा शिक्का, गच्चीची किल्ली, पंपघराच्या किल्ल्या, टँकरवाल्याचा नंबर. राजीनाम्याची प्रत विपुलकडे. तो रडला!

त्यांच्याकडून मिळालं: हिरामण, डबा एक, न पुसलेला, वायरसकट. कॅमेरे सोसायटीचेच राहिले, त्यामुळे त्याला आता काही दिसत नाही. खिडकीत बसून आजची सगळी खबर मी त्याला दिली.