आईंचे गुडघे आणि माझी गाडी

प्रिय अभिराम,

कुरिअरने पत्र आलं म्हणून घाबरू नकोस, दोन्ही घरी सगळे ठीक आहेत. फोनवर तू मधेच "हां हां, कळलं" म्हणतोस आणि माझं सांगायचं राहून जातं. कागदावर तुला मधे बोलता येणार नाही. रविवारी गिऱ्हाईक गाडी बघायला येणार होतं. लग्नाआधी गाडी काढून टाकायची असं आपलं ठरलंय, म्हणजे तू म्हणालास आणि मी मान हलवली. आईंच्या गुडघ्यांना इतक्या खाली बसणं झेपत नाही म्हटल्यावर मी काय बोलणार? होणाऱ्या सासूच्या दुखण्यापुढे गाडीच्या टर्बो इंजिनाचं कौतुक सांगायला तोंड कुठून आणायचं? पण ठरलं त्याच्या दुसऱ्या दिवशी पार्किंगमध्ये जाऊन मी चांगली रडले, हे तुला माहीत नाही.

तुझ्या लेखी ती दुसऱ्याने वापरून टाकलेली जुनी सेडान. मी घेतली तेव्हा तिचा सायलेन्सर तारेने बांधलेला होता. ऑफिस सुटलं की पावणे गावात मिथुन मेकॅनिकच्या गॅरेजमध्ये स्टुलावर बसून एकेक पार्ट मी बदलून घेतलाय. टर्बोचा पाइप कुठे फाटलाय ते शोधण्यात अख्खा श्रावण गेला. मोठे ब्रेक बसवले, सीटं नव्याने शिवून घेतली. मग कुठून बुद्धी झाली कोण जाणे, सस्पेन्शन खाली घेतलं, गाडी पार जमिनीलगत आणली. दिसते झकास, पण नेमका त्याच महिन्यात सोसायटीने गेटपाशी स्पीडब्रेकर घातला आणि गाडीचा बंपर घासायला लागला. शेवटी आमच्या आईचे जेवायला बसायचे सागवानी पाट डिकीत टाकले. दोन पाट ब्रेकरला लावायचे, चाकं आधी पाटावर, मग ब्रेकरवर. जुईनगरात आता मला पाटवाली म्हणतात.

तर शनिवारी माझं केळवण होतं. आईने तुझ्या आईंनाही बोलावलं होतं आणि त्यांना उलव्याहून आणायचं काम माझ्याकडे आलं. त्यांना आधार द्यायला मी हात पुढे केला, तोवर त्या सीटवर बसून पट्टा लावून मोकळ्या. मला वाटलं, भिडेखातर दुखणं लपवतायत बिचाऱ्या. पामबीच रोडला गाडी जरा सोडली तर विचारलं, हा शीळ घातल्यासारखा आवाज कसला? टर्बोचा म्हटल्यावर म्हणाल्या, मग पुन्हा काढ की. गेटपाशी वजन कमी करायला त्यांना उतरायला सांगताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी उतरून स्वतः पाट लावले, वॉचमनला मागे सारलं आणि डावीकडे घे, अजून घे, बस, असं करत मला पार करवलं. लग्नाची वरात आणावी तशी गाडी आत आली.

वर आमच्या आईचा धीर सुटलेला. पानं मांडायची तर पाट माझ्या डिकीत. पुसून पुसून हात दुखले तरी टायरची नक्षी काही जाईना, म्हणून त्याभोवतीच रांगोळी काढली. आईंसाठी मात्र मी खुर्ची-टेबल मांडायला सांगितलं होतं. त्यांनी ते बघितलं, बाजूला सारलं आणि पाटावर मांडी घालून बसल्या. श्रीखंड दोनदा घेतलं. आणि उठल्या त्या जमिनीला हात न लावता. आमच्या आईला मात्र मी आणि नमिता, दोघी बहिणींनी मिळून उठवलं. आईने त्यांना कौतुकाने विचारलं, गुडघ्यांना कुठलं तेल लावता? तर त्या म्हणाल्या, माझ्या गुडघ्यांना काय धाड भरलीय? त्या उलव्यात सकाळी गच्चीवर बायकांना योगासनं शिकवतात म्हणे. सगळ्या हसल्या, मीही हसले. नंतर ताटं घासताना मला हसू येईना. राग आला, अभिराम, आणि वाईटही वाटलं.

म्हणून हे पत्र. आईंना मी काही बोललेले नाही, त्यांच्या गुडघ्यांचं नाव तूच पुढे केलंस. गेल्या खेपेला माझ्या शेजारी बसून तू दाराचं हँडल सोडलं नव्हतंस. आणि तुझा मित्र हितेश म्हणाला, वहिनी चालवते आणि तू नुसता बसतोस होय रे, तेव्हा तू घरापर्यंत बोलला नाहीस. यातलं खरं कारण कुठलं ते मला सांग. भीती वाटत असेल तर त्यात काही कमीपणा नाही, तू शेजारी असशील तेव्हा मी साठच्या वर काटा जाऊ देणार नाही. माझी लाज वाटत असेल तर तेही सांग, फक्त पत्रिका छापायला जायच्या आधी सांग. गिऱ्हाइकाला मी नाही म्हणून कळवलंय. तुला अजून काहीच कळवलेलं नाही.

आज तरी तुझीच,
अस्मिता